मेंदीतली फट आणि चौतीस झाडं

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती. भोपाळचा मे महिना त्या खिडकीतून रोज दुपारी तीनला घरात यायचा आणि सातशिवाय उठायचा नाही. शालिनी म्हणायची, तवा गॅसवर ठेवायची गरजच नाही, खिडकीत ठेवला तरी पोळी फुगेल. यावर एखादा जाड पडदा लावावा, हे कुणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. मला बांबू सुचला.

दोष माझ्या एकट्याचा नाही. शालिनीचा धाकटा भाऊ श्रीकांत तेव्हा सिल्चरला बँकेत होता. सुट्टीवर नागपूरला जाताना वाट वाकडी करून तो बहिणीकडे उतरला आणि त्याच्या होल्डॉलमधून, दोन शर्टांच्या मध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, आल्याच्या थोरल्या भावासारखं दिसणारं एक खोड निघालं. "भाऊजी," तो म्हणाला, "हे खिडकीबाहेर पुरा. दोन पावसाळे थांबा. ऊन विसराल."

ऊन विसरलो, हे खरं आहे.

आणि खरं सांगायचं तर मला बांबूचं वेड जुनं. त्याच्या पानांतून वारा गेला, की कुणीतरी लांब जातं ओढतंय असं वाटतं. आधी नुसती घरघर, मग त्या घरघरीवर एक गळा अलगद उठून बसतो. कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या, दिवसभर फॅब्रिकेशन शॉपमध्ये हातोड्यांचा नाद ऐकणाऱ्या माणसाला असा गळा खिडकीशी हवा असेल, तर त्यात गैर काय?

आता कुंपणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या कुंपणात आहे. आमचे क्वार्टर पाठीला पाठ लावून बांधलेले. आमच्या मागच्या अंगणाला लागून दुबेजींचं मागचं अंगण, मध्ये मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. ही फट कुणी पाडली ते माहीत नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा ती होती आणि आमच्याआधीच्या लोकांनीही ती कुणाला विचारून पाडली नसणार. फटीतून दुबेजींचं घर एका पावलावर. तेच फाटकातून निघालात, तर सगळी रांग ओलांडून, दूधकेंद्राला वळसा घालून, मागच्या रस्त्याने चांगली दहा मिनिटांची वाट.

दुबेजी आमच्याच कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात. माणूस इतका काटेकोर, की चहात साखर घालताना चमचा डोळ्यांच्या रेषेत धरायचा. त्यांची बायको शाळेत शिकवायची, ती संध्याकाळी पाचला यायची. दुपारभर घरात एकट्या त्यांच्या आई, अम्माजी. उमरियाकडच्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले, गळा मात्र शाबूत. रोज तीनच्या सुमाराला अम्माजी फटीच्या त्या बाजूला पाट टाकायच्या, शालिनी या बाजूला. गुडघ्याला गुडघा लागायचा, कारण त्याशिवाय अम्माजींना ऐकू येत नसे. शालिनी भंडाऱ्याकडच्या ओव्या म्हणायची, अम्माजी त्यांच्याकडची लग्नाची गाणी. दोघींना एकमेकींचे शब्द निम्मेच कळायचे, पण सासूचा उल्लेख आला की दोघी एकाच वेळी हसायच्या. शालिनीने एक ओवी तर याच फटीवर रचली होती:

*शेजीच्या माझ्या दारी, एक मेंदीचं कुंपण*
*शेजीला हाक मारी, माझ्या हातचं कांकण.*

मी ती ऐकून दाद दिली, तर म्हणाली, "तुमच्यासाठी नाही म्हटली."

तर बांबू लावला. पहिल्या पावसाळ्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात सात-आठ काठ्या सरळ वर गेल्या आणि खिडकीवर हिरवी सावली पडली. शालिनीने पोळ्या लाटताना घाम पुसायचा पदर खांद्यावरून खाली सोडला. मी स्वतःला कर्तबगार समजू लागलो.

सल्ले त्याच वेळी सुरू झाले. महाराष्ट्र मंडळाचे प्रभाकर भुसारी, ज्यांना कुठल्याही शुभकार्यात अशुभ आधी दिसतं, ते कमरेवर हात ठेवून बांबूपुढे उभे राहिले. "हरकरे, छान आहे. पण एक सांगू? आता वसाहतीत कुणी गेलं, की पहिली माणसं तुमच्या फाटकाशी."

मी हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांनी एक गृहस्थ खालच्या मानेने फाटकाशी आले. "साहब, दो लंबे, दो छोटे चाहिए थे." मी दिले. पुढच्या महिन्यात आणखी एकजण. मग असं झालं, की समोरच्या ओळीतले आजारी निवृत्त फोरमन मला पाहिलं की रस्ता बदलू लागले. मी नुसता नमस्कार केला तरी त्यांना मी लांबी मोजतोय असं वाटे. माणसाला वसाहतीत कशासाठी ना कशासाठी ओळख मिळावी, पण ती अशी नको.

याच सुमाराला श्रीकांतचं पोस्टकार्ड आलं. 'ती. भाऊजींना सा. न. बांबू जमिनीवर वाढतो त्याहून जास्त जमिनीखाली चालतो. इकडे एका माणसाचा बांबू तिसऱ्याच्या न्हाणीघरात निघाला. बंदोबस्त करावा. मागच्या वेळी सांगायचं राहिलं.'

मेहुण्यांचं सांगायचं नेहमी राहतंच. पण बंदोबस्त हा तर माझा धंदा. बावीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काढलेल्या माणसाला एक गवताची मुळी जमिनीत कोंडता येऊ नये? आमचे दोन जुने कूलर गंजून मागे पडले होते. त्यांचे पत्रे सोडवले, डांबर फासून काळे केले, आणि बांबूभोवती दोन फूट खोल पत्र्याचं कडं पुरायचं ठरवलं. त्याचं मी रीतसर ड्रॉइंग काढलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, सगळं. रविवारी फटीतून दुबेजींकडे नेलं. शेजारी असले तरी ते इन्स्पेक्शनचे, आणि आपलं काम कुणी तपासल्याशिवाय पूर्ण झालं असं मला वाटत नाही. सवय.

दुबेजींनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला आणि म्हणाले, "हरकरे साहब, सब ठीक है. लेकिन एक्सपैंशन गैप कहाँ है?"

मी कपाळाला हात लावला. लोखंड उन्हात वाढतं. त्याला वाढायला जागा सोडली नाही तर ते वाकतं. हे आम्ही दोघं नव्या पोरांना बावीस वर्षं शिकवत आलो होतो आणि मीच विसरलो होतो. मी तिथल्या तिथे पेन्सिलने दोन इंचांची फट दाखवली. दुबेजींनी खाली 'चेक्ड' लिहून सही केली, तारीख घातली. आम्ही दोघांनी मिळून ते कडं पुरलं, आणि चहा पीत त्याच्याकडे असे पाहत बसलो, जसे काही ते नर्मदेवरचं धरण आहे.

जमिनीखाली दोन फुटांवर ऊन पोचत नाही आणि पत्रा तिथे केसभरही वाढत नाही, हे आम्हा दोन इंजिनियरांपैकी एकालाही सुचलं नाही. ते बांबूला सुचलं. तिसऱ्या पावसाळ्यात त्याने सगळं कडं आतून चाचपलं असावं, त्याला बरोबर दोन इंचांची वाट सापडली, आणि ती वाट दुबेजींच्या अंगणाकडे तोंड करून होती.

आषाढात त्यांच्या तुळशीशेजारी पहिला कोंब आला. टोकदार, तपकिरी, जमिनीने जीभ काढून दाखवावी तसा. मग दुसरा कपडे वाळायच्या तारेखाली. तिसऱ्याने मागच्या पायरीची फरशी उचलली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. दुबेजींनी स्वतः येऊन सांगितलं, आम्ही दोघंही हसलो. बिघडवलं मी. क्लबात कॅरम खेळताना कुणीतरी विचारलं, की एवढं ड्रॉइंग काढून बांबू निसटला कसा. चारजण ऐकत होते. माणसाला चारजणांत शहाणं दिसण्याचा मोह होतो. मी सोंगटीवर नेम धरत म्हणालो, "आमचं कडं मजबूत होतं हो. फट इन्स्पेक्शनवाल्यांनी पास केलेली आहे."

हशा झाला. वसाहतीत बातमी कारखान्याच्या भोंग्यापेक्षा लवकर पोचते. दुसऱ्या दिवशी दुबेजी कँटीनमध्ये माझ्या टेबलाला बसले नाहीत. रविवारी सकाळी ठोकण्याचा आवाज आला. मी मागे गेलो तर ते मेंदीतल्या फटीत काटेरी तारेच्या चार ओळी ताणत होते. लेव्हल लावून. वरची तार खालच्या तारेशी तंतोतंत समांतर.

"दुबेजी, ये क्या?"

"कुछ नहीं, साहब. गैप बंद कर रहे हैं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "इन्स्पेक्शनवालों की गलती है, इन्स्पेक्शनवाले सुधारेंगे."

मला तिथेच माफी मागता आली असती. पण मी माझ्या मानाकडे पाहिलं, तो बराच उंच उभा होता, आणि मी घरात आलो.

त्या दुपारी तीनला अम्माजींनी त्यांच्या बाजूला पाट टाकला. शालिनीने आमच्या बाजूला. मध्ये तार. गुडघ्याला गुडघा लागेना. अम्माजी पुढे वाकल्या तर त्यांचा पदर काट्यात अडकला आणि टरकन फाटला. शालिनी मोठ्याने बोलून पाहू लागली, पण ओवी ओरडून म्हणता येत नाही. तीन दिवस हा प्रयत्न झाला. चौथ्या दिवशी कुणीच पाट टाकला नाही. शालिनी तीन वाजता स्वयंपाकघरात डबे पुसत बसली. आमचे सगळे डबे आदल्याच आठवड्यात पुसून झाले होते.

"तुम्ही जाऊन बोला ना त्यांच्याशी," ती म्हणाली.

"बोलीन. त्यांचा राग उतरू दे."

"त्यांचा राग दिसतो मला," ती म्हणाली आणि हिंगाचा डबा तिसऱ्यांदा पुसला.

दुबेजींनी दुसरंही एक काम केलं होतं. वसाहतीच्या उद्यान विभागाकडे अर्ज. हा अर्ज कुणाकडे जावा यावर आधी दोन खात्यांत पत्रव्यवहार झाला. बांधकामवाले म्हणाले, हे झाड आहे, आमचा संबंध नाही. उद्यानवाले म्हणाले, हे गवत आहे, गवत ज्याचं त्याने कापावं. मग कुणीतरी हुशार निघाला आणि त्याने लिहिलं, की निर्णय होईपर्यंत हे झाडच समजावं. आणि झाड म्हटलं की परवानगीशिवाय तोडता येत नाही.

त्यानुसार उद्यान विभागाचे सुपरवायझर गोविंद मालवीय एक डबा गेरू, एक डबा चुना आणि दोन ब्रश घेऊन आले. मालवीय हे अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांच्या सज्जनपणाला एकच मर्यादा होती, ती म्हणजे फॉर्म. त्यांनी आमच्याकडच्या प्रत्येक काठीला रस्त्याकडेच्या कडुलिंबाला घालतात तसा खाली गेरूचा आणि वर चुन्याचा पट्टा ओढला, आणि मध्ये नंबर घातला. एक ते तेवीस. मग वळसा घालून दुबेजींकडे गेले आणि त्यांच्या अंगणातल्या वीतभर कोंबांवरही नंबर घातले. चोवीस ते चौतीस. करंगळीएवढ्या कोंबावर 'एकतीस' बसवताना त्यांनी जीभ बाहेर काढून धरली होती.

"अब इनमें से एक भी कटा, तो अवैध कटाई मानी जाएगी," त्यांनी मला शांतपणे समजावलं. "रिपोर्ट एस्टेट को जाएगी. वो लोग क्वार्टर कैंसिल कर देते हैं, साहब. पिछले साल एक का किया."

"और जो नए निकलेंगे?"

"उनकी सूचना लिखित में दीजिए."

आमच्याकडचा अकरा नंबर मालवीयांनी सोमवारी माझ्या गुडघ्याशी लिहिला होता. शनिवारी तो माझ्या टाळूवर होता. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली उभा राही आणि आपलं क्वार्टर वर वर जाताना पाही.

नारळीपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, समोरच्या फाटकाची कडी वाजली. शालिनीने दार उघडलं तर अम्माजी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेला वाडगा. सगळी रांग ओलांडून, दूधकेंद्राला वळसा घालून त्या एकट्या आल्या होत्या. ज्या बाईला मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते, ती. व्हरांड्यात बसल्या आणि बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. शालिनी त्यांच्या पायांशी बसली आणि त्यांचे गुडघे चोळू लागली.

"खा के देख, दुलहिन," त्या शेवटी म्हणाल्या. "हमरे उमरिया में सावन में रोज बनत रहा."

वाडग्यात डाळीत शिजवलेली बारीक पांढऱ्या चकत्यांची भाजी होती. शालिनीने एक घास घेतला आणि थांबली. "अगंबाई. वास्ते." तिचे डोळे भरून आले. "आमच्या भंडाऱ्याकडे आई करायची हो, हरभऱ्याची डाळ घालून. लग्नानंतर खाल्लेच नाहीत." आणि ती अम्माजींच्या कानाशी तोंड नेऊन त्यांना ते हिंदीत सांगू लागली, आणि अम्माजी म्हणू लागल्या की त्याला करील म्हणतात, रात्रभर पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर कडू लागतो, आणि दोघी पुन्हा एकाच वेळी हसल्या. कितीतरी दिवसांनी.

मी दोनदा वाढून घेतलं. भाजी अप्रतिम होती. तिसऱ्या वेळी हात पुढे करताना मला एक शंका आली.

"अम्माजी," मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "ये करील कहाँ से लाए?"

"अँगना में त निकला है. ढेर के ढेर."

"उसके ऊपर लाल नंबर लिखा था?"

"लिखा रहा कुछ. छिलका पे रहा," अम्माजी म्हणाल्या. "छिलका थोड़े खात हैं, बेटा."

वाडग्यात अकरा झाडं होती. त्यांतली निदान चार माझ्या पोटात.

दुसऱ्याच दिवशी मालवीय फेरगणनेला आले. आमचे तेवीस मान वर करून मोजले. मग तारेपाशी येऊन पलीकडे पाहिलं. दुबेजी त्यांच्या बाजूला उभे होते, अम्माजी पाटावर. मालवीयांनी फॉर्म चाळला, पलीकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"चौबीस से चौंतीस कहाँ हैं?"

दुबेजींचा चेहरा उतरला होता. त्यांना आदल्या रात्रीच कळलं असावं. झाडं त्यांच्या अंगणातली, तोडणारा हात त्यांच्या घरातला. क्वार्टर जाणार तर त्यांचं. आणि अम्माजी पाटावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या, कुणाच्या तोंडाकडे पाहून काही समजतंय का ते पाहत. मला एकदम दिसलं, की दुबेजींचं सामान ट्रकमध्ये चढतंय आणि या बाई दूर कोलार रोडच्या कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी.

"मैंने खाए," मी म्हणालो.

मालवीयांनी चष्म्यावरून पाहिलं. "क्या खाए?"

"पेड़. अकरा पेड़. मतलब ग्यारह." संकटात माझं हिंदी सगळ्यात आधी पळून जातं. "बांबू मेरा है, मैंने लगाया, मैंने ही तोड़कर खाया. दुबेजी का कुछ संबंध नहीं."

"हरकरे साहब झूठ बोल रहे हैं," दुबेजी तारेपलीकडून म्हणाले. आवाज इन्स्पेक्शनचाच होता. "हमारे घर में पका, हमने खाया. और बाँस इधर आया, क्योंकि गैप हमने रखवाया था. ड्रॉइंग पर हमारी सही है."

"ड्रॉइंग मेरा था, दुबेजी," मी म्हणालो. "आपने पूछा था, कि गैप कहाँ है. वो तो मुझे सोचना चाहिए था, कि चाहिए क्यों. और उस दिन क्लब में मैंने जो कहा, वो..." मला पुढचा शब्द सापडेना. मराठीतही सापडला नसता.

दुबेजींनी वरच्या तारेचा ताण बोटाने तपासला. "आपका निशाना भी चूक गया था उस दिन," ते म्हणाले. "सुना है, क्वीन नहीं गई."

"नहीं गई."

"देखिए," मालवीय हताशपणे म्हणाले, "आप दोनों का प्रेम अपनी जगह. लेकिन इस फॉर्म में काटने का कॉलम है, आँधी में गिरने का है, चोरी का है. खाने का कॉलम नहीं है. पेड़ खाया नहीं जाता."

इतक्यात शालिनी बाहेर आली. दारात माणूस उभा असताना त्याला काही न विचारणं तिच्या रक्तात नाही. ती एका ताटलीत दोन पोळ्या आणि वाटीभर कालचीच भाजी घेऊन आली आणि ती मालवीयांच्या हातात दिली. ते विचारात होते, त्यामुळे खाऊ लागले. एका हाताने फाइल चाळत, दुसऱ्याने घास घेत, ते मागच्या कागदापर्यंत गेले आणि थांबले.

"दुबेजी, आपने आवेदन में क्या लिखा है? 'बाँस नामक घास के फैलाव बाबत.'"

"बाँस घास ही होता है," दुबेजी म्हणाले. "वनस्पतिशास्त्र में देख लीजिए. हम गलत कैसे लिखते?"

मालवीयांच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं. "आवेदन में घास है. तो मामला घास का है. घास का फॉर्म दूसरा है." त्यांनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला, भाजीची वाटी आमच्या कपडे धुण्याच्या दगडावर ठेवली आणि लिहू लागले. "घास की हानि. कारण... हाँ. पशुओं द्वारा चराई."

मी दुबेजींकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर सरकारदरबारी आमची ही नोंद होत होती. पण आत्ता मानाचा विचार करायची वेळ नव्हती.

"पशु आए किधर से?" मालवीय म्हणाले आणि कुंपणाच्या कडेने चालू लागले. मेंदी दाट होती. जिथे नव्हती तिथे चार तारा, लेव्हलमध्ये. ते तिथे थांबले. "यहाँ तो तार है. बकरी का बच्चा भी नहीं आ सकता. प्रवेश-मार्ग दिखाना पड़ेगा, साहब. मैं मौके पर रास्ता देखे बिना झूठी रिपोर्ट नहीं लिखूँगा."

दुबेजी आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पक्कड होती. सगळ्यात वरची तार त्यांनी पकडीत धरली, डोळ्यांच्या रेषेत आणली, आणि कट्. दुसरी. तिसरी. चौथीला पक्कड घसरली, तेव्हा मी या बाजूने तार ताणून धरली. सुटलेली टोकं त्यांनी खांबाला गुंडाळली, काटे आतल्या बाजूला वळवून, कुणाचा पदर अडकू नये असे.

अम्माजींनी पाट उचलला. शालिनीने धावत जाऊन आमचा आणला. फटीच्या दोन्ही बाजूंना दोन पाट पडले आणि गुडघ्याला गुडघा लागला. "का भवा?" अम्माजींनी विचारलं, आणि शालिनी त्यांच्या कानाशी सगळं सांगू लागली.

"प्रवेश-मार्ग, मौके पर उपस्थित," मालवीयांनी समाधानाने लिहिलं. मग वाटी पुन्हा उचलली आणि उरलेल्या भाजीला पोळीचा शेवटचा तुकडा लावला. "बस, एक कॉलम और. पशुओं की संख्या."

मी दुबेजींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. "दो लिखिए," ते गंभीरपणे म्हणाले.

पाटावरून अम्माजींचा आवाज आला. शालिनीचं सांगणं त्यांच्यापर्यंत तेवढ्यात पोचलं होतं. "दो काहे? चार लिखो. हम और दुलहिन नहीं खाए का?"

मालवीयांनी पेन टेकवलं आणि चार लिहिले. मग हातातल्या रिकाम्या होत आलेल्या वाटीकडे पाहिलं. वाटीच्या तळाशी डाळ आणि एक पांढरी चकती राहिली होती. त्यांनी ती उचलून नीट निरखली, तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि कुणाकडेही न पाहता चार खोडून पाच केले.